शंभर फील्ड

यवतमाळच्या बुरखुंडे स्टुडिओतून जुना कॅमेरा घेतला,
कार्डात कुणाच्या तरी हळदीचे एकोणीस फोटो राहून गेलेले.
घाटंजीच्या मोबाइलवाल्या पोरानं त्याच्या पोटातली
लाल अडवणारी काच काढली,
म्हणाला, मॅडम, आता नवरीचे फोटो बिघडतील.
बिघडू दे म्हटलं.

बॅटरी फवारणीच्या पंपाची. अजून औषधाचा वास येतो.
लेन्सला पायमोजा, मोज्यात तापणारी तार,
दव धरू नये म्हणून.
ध्रुव इथे फार खाली, धुऱ्यावरच्या पळसाला टेकलेला;
त्याच्यावर यंत्र लावायचं तर हरभऱ्यात गुडघे टेकावे लागतात,
आंब सलवारीतून आत शिरते,
घरी गेल्यावरही पाय चुणचुणत राहतात.

बैलाच्या शिंगाच्या टोकाशी, अग्नी नावाच्या ताऱ्याशेजारी
एक तारा फुटून हजारो वर्षं झाली.
त्याचे धागे अजून पसरताहेत,
सहा चंद्र ओळीनं ठेवले तर मावतील एवढ्या जागेत.
डोळ्यांना तिथे काही नाही.
माझ्या दुर्बिणीलाही नाही.

पाच मिनिटांची एक फ्रेम.
मागे मचाणावर बिसन मडावी.
डुकरं आली की त्याचा टॉर्च सबंध आभाळ झाडून काढतो.
पहिल्या रात्री अकरा फ्रेम त्यानं खाल्ल्या.
"काय पायता बाई एवढं? काही दिसून तं नाही रायलं."
"नाहीच दिसत."
"मंग?"
मग काय, मला सांगता येईना.
पण दुसऱ्या रात्रीपासून फ्रेम चालू असली
की तो टॉर्च ठेवून तेलाचा डबा बडवायचा,
मधे मधे खोकायचा.
आवाजानं फोटो हलत नाही.
त्या खोकल्याकडे मी तीन रात्री लक्ष दिलं नाही,
हेही लिहून ठेवते.

आकाशात खाटलं वर आलं, तीन चोर मागे लागले, की आवरायचं.
दिवसा मी थुंकी बघते.
स्लाइड ज्योतीवर, मग फुक्सिन, आम्ल, निळा,
मग तेलाचा थेंब आणि शंभर फील्ड.
शंभर बघितल्याशिवाय निगेटिव्ह लिहायचं नाही,
हे ट्रेनिंगला उईके सरांनी
टेबलावर डस्टर आपटून शिकवलेलं.

एका फ्रेममध्ये काळोख असतो आणि खरखर.
खरखर दर वेळी नव्या जागी उठते,
उजेड मात्र त्याच जागी येतो,
थेंबभर, कुणी हजेरी घेवो न घेवो.
म्हणून फ्रेमवर फ्रेम ठेवायची.
नऊ रात्रींच्या एकशेचार.
विमानं, ढग, बिसन वजा जाता त्र्याऐंशी.
लॅपटॉप रात्रभर कण्हत राहिला.
पहाटे पडद्यावर काहीतरी होतं,
मी धूळ समजून ओढणीनं पुसलं.
ते गेलं नाही.
लाल. केसाहून बारीक, तुटक,
एकमेकांत अडकलेले धागे,
मधेच एखादा निळा.
कुणाला उठवलं नाही. चहा ठेवला, तो उतू गेला.

बिसनची पहिली स्लाइड: शंभर फील्ड, काही नाही.
दुसरी, सकाळच्या थुंकीची:
एकेचाळिसाव्यात एक काडी. निळ्यात लाल.
अडुसष्टाव्यात दोन.
ह्याला स्कँटी म्हणतात, नेमका आकडा लिहावा लागतो.
लिहिला, तीन.

"तीनच? तिनानं काय होते बाई?
सहा महिने गोळ्या, तिनासाठी?"
मी मोबाइल काढला. आधी एकच फ्रेम दाखवली.
"हे तं काहीच नाही."
मग सगळ्या मिळून झालेली.
बोटांनी मोठं करून करून त्यानं पाहिलं,
मला वाटलं आता काही मोठं बोलेल.
"माशाचं जाळं होय," म्हणाला. "फाटलेलं."

गोळ्यांचं पाकीट सदऱ्यात टाकलं,
दारापर्यंत गेला, परत फिरला:
"आज येता का? टॉर्च मारू का नोको?"