साडेतीनशे

तांडापेठेतला आमचा माग बंद पडला तेव्हा
बाबांनी खळीचं भांडं माझ्यापुढे सरकवलं.
"राहू दे, कामी येईल," एवढंच बोलले.
त्यात मी आता पुठ्ठ्याची खळ शिजवते.
सुताला लागायची तीच, जराशी घट्ट.

कागद कापायला हंसापुरीत जाते.
इस्माईलभाईंचं मशीन एका झटक्यात
पाचशे पानं सरळ करतं,
त्यांची जीभही तशीच.
"वही चांगली हाय तुही.
पण भाव सांगताना खाली काहून पायते वं?
जमिनीले इकून रायली का?"

खरंच होतं ते.
दाभण कुठे टोचायचं, बोटांना अंधारातही कळतं.
लुगड्याच्या उरल्या काठाने पाठ अशी बांधते
की वही पहिल्या पानापासून सपाट उघडते.
आणि कुणी विचारलं, "कितीची?"
की घशात आपोआप गाठ पडते.
"तीनशे... म्हणजे अडीचशे... तुम्हीच द्या काय ते."
तुम्हीच द्या!
आठ जुज, चार तास, एक ठेचलेलं नख,
आणि तुम्हीच द्या.

मे महिना. पारा सेहेचाळीसवर.
दुपारी बर्डीवर कुत्रंही सावली सोडत नाही.
मी कूलरसमोर पाठांतराला बसले,
चौथीत पाढे म्हणायची तशी, मांडी घालून.
साडेतीनशे. साडेतीनशे.
मागेपुढे काही नाही,
ना "फक्त", ना "तसं पाहिलं तर".
पात्यांत आकड्याचे तुकडे व्हायचे
आणि ओल्या खसाचा वास घेऊन
माझ्याच तोंडावर परत यायचे.
लाज वाटत नव्हती.
कूलरपुढे कोण कुणाचं ऐकतं?

तेराव्या दिवशी लाइट गेली.
मी नेमकी "साडेतीनशे!"च्या मधोमध.
घर एका क्षणात गप्प
आणि माझा आवाज तेवढा उभा,
अंगावर काही न घेता.
आतून आई,
"कशाचे वं?"

कशाचे?
हे मीही मला कधी विचारलं नव्हतं.
सांगायला लागले. कागदाचे एकशे दहा,
पुठ्ठा, दोरा, मेण मिळून साठ,
दुकानाच्या भाड्याचे इतके, माझ्या हाताचे इतके.
मग हिशेब भलतीकडेच वळला.
मेडिकलमधल्या त्या सिस्टर, गोदावरी ढोके,
नाइट ड्यूटीत वही भरतात,
पेशंटची नाही, स्वतःची.
भरली की येतात. "अशीच दे, सपाट उघडणारी.
एका हाताने लिहिते, दुसऱ्यात चहा असतो."
तो दुसरा हात मोकळा राहतो ना, आई,
त्याचेही आहेत थोडे.

अंधारात आई पदराने वारा घेत होती.
बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली,
"तं चारशे सांग ना."

रविवारी धरमपेठेत प्रदर्शन होतं.
पहिल्याच बाईंनी वही उलटसुलट केली,
काठावरून अंगठा फिरवला.
"काही कमी?"
"साडेतीनशे."
मी त्यांच्या चष्म्याकडे पाहत होते.
दोन्ही काचांत एकेक बाई दिसत होती, ताठ बसलेली.
ओळखायला थोडा वेळ लागला.

त्यांनी वही ठेवली आणि गेल्या.

कान तापले. हाताला कंप सुटला.
पण घशातली गाठ आली नाही.
मी वही उचलून कोपरे जुळवले,
होती तिथेच ठेवली.

रात्री घरी मोजल्या.
अठरा नेल्या होत्या, अकरा परत आल्या.
फार नाही. इस्माईलभाईंचं बिल निघेल
आणि सुताची एक लडी.

चारशे म्हणायला अजून जमत नाही.
तीनशे नव्वदवर जीभ अडते.
पण मे सरायला पंधरा दिवस आहेत,
टाकीत पाणी भरलंय,
आणि सध्या तरी लाइट आहे.