इकडे किंवा तिकडे

हेर्नोसांड, फेब्रुवारी. खाडी गोठून पांढरी.
स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन यंत्रं समोरासमोर:
डावीकडे म्युनिकचं, लाकडी पटाचं, वजनदार,
उजवीकडे हाँगकाँगचं, प्लॅस्टिकचं,
एक बटण जरा अडकतं.
दोघांना एकमेकांची भाषा येत नाही.
म्हणून मधे मी.
याचा घोडा हलला की तिकडे कळवायचं,
तिकडून प्यादं निघालं की इकडे पोचवायचं.
एकतीस वर्षं टपालखात्यात पत्रं लावली,
आताही तेच. पत्ते तेवढे चौसष्टच उरलेत.

एका खेळीला तीन मिनिटं,
एका डावाला एक रात्र, कधी दीड.
गुनवोर म्हणते, त्या डब्यांना तरी झोपू दे.

वीस डाव झाले. साडेबारा विरुद्ध साडेसात,
हाँगकाँगवालं पुढे.
मी स्टिग-ओलोफला फोन लावला, जरा छाती काढूनच:
हेच बलवान, टाक यादीत.
तो वेस्तेरोसला शाळेत गणित शिकवतो.
फोनवर त्याची पेन्सिल ऐकू येत होती.
"नव्वद गुणांनी पुढे," म्हणाला,
"चूक सव्वाशेची, इकडे किंवा तिकडे."
म्हणजे?
"म्हणजे कदाचित उलटंही असेल.
चूक निम्मी करायची तर डाव चौपट."
ऐंशी. त्याहून निम्मी, तर तीनशे वीस.
मी खिडकीबाहेर बघितलं. बर्फ वितळायला अजून दोन महिने.

शिवाय सातवा डाव आणि तेरावा डाव
हुबेहूब एकच निघाले, एकोणचाळीस खेळ्या, मात त्याच घरात.
एकाच पत्राच्या दोन प्रती
दोन पत्रं म्हणून मोजायच्या का?
एक खोडला.

आणि सोळावा.
सोळाव्यात पहाटे माझा डोळा लागला,
म्युनिकचा उंट मी शेजारच्याच कर्णावर ठेवला.
कुणी तक्रार केली नाही. लाल दिवा लुकलुकला,
पुढे अकरा खेळ्यांत म्युनिक हरलं.
ते हरलं, की मी हरवलं?
"रद्द" असं वहीत लिहायला
मला चार दिवस लागले.
खरं सांगायचं तर, त्या अडकत्या बटणाचा
मला लळा लागला होता.

रूने आणि मी आयुष्यात तेवीस डाव खेळलो.
वडिलांनी होडीच्या हिशेबाच्या वहीत मागल्या पानावर मांडलेत,
डिझेल आणि जाळ्यांच्या खाली:
तेरा त्याचे, आठ माझे, दोन बरोबरीत.
थोरला आपणच चांगला खेळतो, हे तो
इस्पितळातसुद्धा परिचारिकांना सांगत होता.
मीही मान डोलवत होतो.
काल रात्री ते आकडे
स्टिग-ओलोफच्या सूत्रात घातले.
तू सत्त्याहत्तरनं पुढे, रूने.
चूक एकशे तीसची.
काहीच सिद्ध होत नाही.
कागद उलटा करून पुन्हा मांडलं, तेच आलं.
निदान तीनशे डाव अजून हवे होते आपल्याला,
आणि त्यातले काही तरी तू
माझ्या घड्याळाकडे न बघता खेळायला हवेस.

एकविसावा डाव, बारावी खेळी.
डावीकडे दिवा लागला: हत्ती, एक घर.
तो उचलून तिकडे नेतो, दाबतो.
बटण अडकलं.
नखानं वर काढतोय.