बर्फाखालचा परवाना

परवाना मी बर्फाखाली ठेवतो.
होडीत दुसरी कोरडी जागा नाही.
म्हणजे बर्फ कोरडा असतो असं नाही,
पण थर्माकोलच्या पेटीच्या तळाशी, दुधाच्या पिशवीत,
दोन गाठी मारून, एवढीच एक जागा
जिथं कागद वाऱ्यावर जात नाही.

ऐरोलीच्या पुलाखाली सुकती लागली होती.
जाळं अर्धं ओढून झालं होतं
तेव्हा त्यांची फायबरची होडी आली.
तिघं खाकीत. दोघं जुने, ओळखीचे,
त्यातला एक दर गटारीला चिंबोऱ्या ‘तपासायला’ घरी येतो.
तिसरी नवी. पंचविशीची.
लाइफ जॅकेटची चेन गळ्यापर्यंत,
काठ असा धरलेला
की मला लगेच कळलं, हिला पोहता येत नाही.

“परवाना.”

मी बर्फ उपसला.
बोयटं बाजूला, शिंगाळ्या बाजूला, जिताडा बाजूला.
पिशवी लादीला चिकटलेली.
नखानं खरवडली. तोंडाची वाफ दिली.
ओहोटी पुलाखालून निघून चालली होती
आणि आम्ही चौघं
बर्फातून माझं नाव सुटायची वाट बघत बसलो.
पलीकडं चिखलात फ्लेमिंगो माना खाली घालून चरत होते.
इथं एक विनोद आहे, सगळेच करतात,
आधी त्यांचा परवाना बघा म्हणून.
मी केला नाही. नवी होती.

कार्ड निघालं. तिनं दोनदा वाचलं.
“मडावी?”

मढवी, म्हटलं. हापिसात कुणीतरी चुकवलं,
आठ वर्षं झाली.
दुरुस्तीला प्रतिज्ञापत्र लागतं, दोन साक्षीदार लागतात,
आणि साहेब जेवायला गेलेले असतात.
मासळीला काय फरक पडतो.

जुना हसला, “मॅडम, तुमचाच भाऊबंद निघाला की.”
तेव्हा मी तिच्या छातीवरची पट्टी वाचली.
रनिता मडावी, वनरक्षक.
गडचिरोली, ती म्हणाली. कुणी विचारलं नव्हतं.

मग मोजपट्टी काढली.
जिताडा, तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत.
चार बोटं कमी.

मला माहीत होतं.
परवान्याच्या बरोबर वर ठेवला होता मीच,
म्हणजे परवाना दाखवायचा तर आधी तो दाखवावा लागणार,
ही अक्कल पन्नाशी उलटल्यावर सुचली.

“काढला तेव्हा जिवंत होता?”
जाळ्यात होता.
“मी ते नाही विचारलं.”

ओळखीचे दोघं पाण्याकडं बघायला लागले,
म्हणजे, बोल काहीतरी.
ती अंगठ्यानं त्याच्या डोळ्यावरचा बर्फ पुसत होती.
होता, म्हटलं. शेपूट मारत होता.

ओरडली असती तर बरं झालं असतं,
मलाही ओरडता आलं असतं.
तिनं फक्त पावतीपुस्तक उघडलं. पाचशे.
नावाच्या रकान्यावर पेन थांबलं.
“कार्डावर आहे तेच लिहा,” जुना म्हणाला.
तिनं मढवी लिहिलं.
ढ दोनदा गिरवला.

जिताडा पाण्यात सोडायला लावला.
मेलेला, तरी सोडला.
पांढऱ्या पोटावर उलटा होऊन तो पुलाकडं निघाला
आणि घारीनं पहिल्याच खांबापाशी उचलला.
त्याचा हिशेब कुणीच केला नाही.

त्यांचं इंजिन सुरू झालं तसं मी हाक मारली,
मॅडम, काठ सोडा जरा.
होडी धरते माणसाला, आपण नाही धरायचं तिला.
ऐकू गेलं की नाही कोण जाणे.
एक हात तेवढा सुटला, तोही टोपी सावरायला असेल.

पावतीची शाई ओली होती.
सरकारी कागदावर माझं नाव पहिल्यांदा बरोबर आलं
आणि तो कागद दंडाचा.
फुंकर मारमारून वाळवला,
दुधाच्या पिशवीत घातला, दोन गाठी,
आणि पेटी पुन्हा भरायला घेतली.
बर्फ निम्मा उरला होता.