तंगाचं दुसरं भोक

चैत्रात लवंगीला सांगलीचा घोडा दाखवून आणली
तेव्हा तंग तिसऱ्या भोकात बसायचा.

हुजऱ्यांच्या तबेल्यात जो तो शहाणा.
कुणी म्हणे बांधून ठेवा, कुणी म्हणे पोटातलं हलेल,
म्हाताऱ्या मोतद्दारानं तर गळ्यात काळा दोराच घातला.
डॉक्टर मगदूम हात धुता धुता म्हणाले,
"गाभण हाय, आजारी न्हाई.
रोजचं काम रोज द्या, नवं काही शिकवू नका.
उडी नको, भरधाव नको.
घाम फुटायचाच तर तुमच्या कपाळाला फुटू दे."

म्हणून रोज पहाटे मी आणि ती,
कसबा बावड्यातून राजाराम बंधाऱ्यापर्यंत.
दुडकी, मग चाल, मग पुन्हा थोडी दुडकी.
उसातून वाट, खाली काळी माती,
खूर धरून ठेवणारी
आणि सोडताना बोलणारी.

भाद्रपदात चौथं भोक.
दसऱ्याला झेंडूचा हार घातला त्या दिवशी पाचवं.
सहावं नव्हतंच.

सुभाषनगरात बाळू सातपुतेकडे गेले.
त्यानं चपलांच्या ढिगातून आरी उपसली,
"पट्टा कुणाचा?"
"घोडीचा. तिला होणार आहे."
एक भोक पाडलं. थांबला. शेजारी दुसरं पाडलं.
पैसे एकाचेच घेतले.
"लागंल की," म्हणाला, "माझ्या घरात तीन पोरी हैत."

कार्तिकात गुऱ्हाळं पेटली, वाटेवर चिपाडाचा धूर.
लवंगी रुंद झाली होती,
माझ्या मांड्यांना नवं माप शिकावं लागलं.
एरवी ही घोडी म्हणजे
जिभेवर ठेवली की डोळ्यांतून पाणी.
आता चढाला आपणहून थांबायची,
कान मागे करून काहीतरी ऐकायची.
मला वाटायचं, मलाच.

शिये पुलाच्या अलीकडे एक दिवस उभी राहिली ती हलेना.
पोटरीनं दाबलं. नाही.
टाच दिली, हलकी, सवयीची,

आणि आतून
कुणीतरी टाच परत दिली.

डाव्या पोटरीवर, तंगाच्या मागे. एकदाच.
नऊ वर्षं घोड्यावर बसते मी,
असं उत्तर कधी आलं नव्हतं.

उतरले.
खोगीर सोडून स्वतःच्या खांद्यावर घेतलं,
लगाम सैल हातात, आणि चालत निघालो.
उसाच्या ट्रॉलीवरचं पोरगं ओरडलं,
"ओ ताई, आज कोण कुणावर बसलंय?"

चालवा, डॉक्टर म्हणाले, शेवटच्या दिवसापर्यंत चालवा,
उभी ठेवलीत तर पाय सुजतील.
मग पौष, माघ, तीच वाट, पण पायी.
ही वाट मी आजवर तिच्या दोन कानांमधून पाहिलेली,
बंधारा त्या फटीत मावायचा, उगवता सूर्यसुद्धा.
शेजारून चालताना कळलं
की प्रत्येक डबक्याशी तिचा डोळा आधी पांढरा होतो
आणि मग पाय पडतो.
नऊ वर्षं ती घाबरत होती
आणि मी वर बसून तिला आळशी म्हणत होते.
हेही कळलं, की आधी मीच दमते.

आता फाल्गुन.
काल संध्याकाळी सडांच्या टोकांना मेण दिसलं.
मोतद्दारानं पोतं अंथरलंय, कंदिलाची काच पुसलीय,
बॅटरी असूनही.
तंग खुंटीला. आज त्याला तेल लावलं,
सहाव्या भोकाच्या कडा झिजून मऊ झाल्यात,
सातवं अजून आरीच्या टोकाएवढं कडक,
तेलसुद्धा आत शिरेना.

पाच वाजलेत. अंधारच आहे.
लवंगी दाराशी येऊन उभी,
पोट एका बाजूला झुकलेलं,
नाकानं कडी वाजवतेय.

बंधारा नाही गं आज.
तबेल्याभोवतीच. सावकाश.
चल.