नियम अकरावा

ओउलूत दुपारी तीनलाच अंधारतं.
हिल्का लिहायला बसते. नियम पहिला:
समास आठ घरांचा, टॅबने. स्पेस मोजत बसू नये.
नियम दुसरा: महिरपी कंस त्याच ओळीत उघडावा;
फंक्शनचा मात्र खालच्या ओळीत, एकटा,
दाराशी काढून ठेवलेल्या बुटासारखा.

ऐंशी अक्षरांपुढे ओळ जाऊ नये.
आतू विचारतो, पडदे एवढे रुंद झाले, अजून ऐंशीच?
पडदे झाले, ती म्हणते, डोळे नाही.

पॉइंटरची चांदणी नावाला चिकटून, प्रकाराला नव्हे.
यावरून दोन माणसं अख्खा हिवाळा बोलत नव्हती,
हे ती लिहीत नाही.

मग येते बर्फफोड्या जहाजाच्या पंपाची फाइल.
उर्पोची.
समास तीन घरांचा, कंस मनाला येईल तिथे,
व्हेरिएबलांना त्याच्या कुत्र्यांची नावं.
आतूचं बोट एंटरवर: एका फटक्यात सरळ करू?
करता येईल. अर्थाचा काना-मात्राही हलणार नाही.
फक्त ओळ कुणाची, त्या रकान्यातून
चार हजारदा उर्पो पुसला जाईल
आणि चार हजारदा आतू लागेल.

हिल्का खिडकीशी जाते.
खाली पार्किंगमध्ये कुणीतरी काचेवरचा बर्फ खरवडतंय.
परत येऊन लिहिते:
नियम अकरावा. ही फाइल वगळावी.
कारण द्यायची पद्धत आहे, म्हणून कर्सर लुकलुकत राहतो.
पंप चालू आहे, ती टंकते,
आणि सवयीने शेवटी
अर्धविराम देते;