आणखी काय आहे घरात

गृहप्रवेशाला दिराच्या नागेशनं आणलं होतं ते झाड.
रुंद पानं, त्यावर पांढरे शिंतोडे,
चुन्याचं बोट झटकल्यासारखे.
नाव त्यालाही ठाऊक नव्हतं.
म्हणाला, काकू, पाणी आठवड्यातून एकदाच.
म्हटलं बरं झालं,
विडी घरकुलात आम्हालाही तेवढंच मिळतं.

मे महिन्यात मांजर हिरवं काहीही शोधतं.
कांडीनं पान चावलं.
(नाव ह्यांनी ठेवलेलं. धोट्यातल्या कांडीसारखी
दिवसभर इकडून तिकडे.)
लाळ फरशीवर. पंजे तोंडावर घासत
तोंड उघडायची, मिटायची,
आवाज नाही.

हे समोरच बसलेले, कडक भाकरी मोडत.
यंत्रमागावर पस्तीस वर्षं गेली, कानही तिथंच राहिले.
त्यांना कांडी रोज अशीच दिसते.

अंबादासच्या रिक्षातून, टोपलीत झाकून,
जनावरांच्या दवाखान्यात.
डॉक्टरीणबाई पोरसवदा. शेळ्यांच्या रांगेतून पुढं घेतलं.
पानात सुया असतात, म्हणाल्या,
दिसत नाहीत, जिभेत रुततात.
लेकरानं चावलं तरी हेच.
वाचेल. तोंड धुवा, दही चाटू द्या.
आणखी काय आहे घरात?

मनीप्लांट.
उंच टांगा.
दारात कण्हेर.
त्यांनी पेन खाली ठेवलं.
कण्हेरीनं काळीज बंद पडतं, मावशी.
आणखी?

आणखी.
मी हात पदराखाली घेतले.
बोटांना तंबाखूचा पिवळा रंग, साबणाला न जुमानणारा.
रोजच्या हजार विड्या.
पद्मजा पोटात होती तेव्हाही सूप मांडीवर,
मग ती त्याच सुपाभोवती रांगली,
भुकटीत बोटं बुडवून चाखली असतील,
कोण बघत होतं, आठवड्याचा हिशोब द्यायचा होता.
कुंडीत नाही लावत आम्ही ते.

नाही काही, म्हटलं.

झाड गोणपाटात बांधून कचरागाडीत दिलं.
कण्हेर राहू दिली.
सोमवारी मार्कंडेयाला फुलं कुठून आणू?
सूप फक्त खिडकीकडे सरकवलं,
वीतभर.

तिसऱ्या पहाटे कांडी ओरडली.
चिरकं, अर्धंच, पण ओरडली.
ह्यांचा खांदा हलवून
तोंड मोठं करत सांगितलं, आला, आवाज आला.
ते धडपडत उठले,
आला? म्हणाले,
आणि अंधारात घागरी शोधू लागले.