धर्मकाट्यावर

राळेगावच्या जिनिंगपाशी, धर्मकाट्यावर,
रात्री अकराला आला शिलाँगच्या बँडचा नवा अल्बम.
नऊ गाणी. इअरफोन एक.
डावं बोंड तौसिफच्या कानात,
उजवं शुद्धोधनच्या.

"यायनं ड्रमच सोडून देल्ला बे!
मांगच्या अल्बमात कसा छातीवर नाचे."
"निरा ड्रमच तर हाये!
गिटार कुठी गेली? इकली का काय?"

दहापैकी चार. दहापैकी साडेआठ.
मधे एकदा बापही निघाला.
कापसाच्या गाड्या चढल्या, उतरल्या,
काट्याचे आकडे थरथरून थांबले,
हे दोघं नाही.

पावत्या फाडणारी करुणा उठली,
दोन्ही बोंडं ओढून घेतली.
चौथं गाणं.
बाहेर मेटॅडोर हॉर्न मारतोय,
हिचं पेन हवेतच.

"गायच्या आधी ते पोरगी श्वास घेते.
डावीकडून निंघते तो,
डोक्यातून चालत उजवीकडं जाते.
तुमी दोघायनं अर्धा अर्धा घेतला."

काही वेळ कोणीच बोललं नाही.
मग तौसिफ, हळूच: "तू किती देतं?"

तिनं मेटॅडोरचं वजन लिहिलं.
"भरलेली मोजली आता.
रिकामी होऊन येऊ दे,
मंग सांगतो माल किती."